कान मोडलेली कॅसेट

कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचे दोन छोटे कान असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. टेपचं रेकॉर्डचं बटण खाली जातच नाही. हे मला माझ्या धाकट्या दिरानं, देवू भाऊजींनीच शिकवलं. बोईसर स्टेशनाबाहेर त्यांचं कॅसेटी भरून द्यायचं दुकान आहे आणि लग्नाहळदीला स्पीकरचे बॉक्स लावायचा धंदा आहे. "वयनी, जी जपायची तिचे कान मोडून टाकायचे," ते बोलले होते. मी मोडले. माझ्या तान्ह्या उषीच्या लंगोटाच्या पिनेनं.

आणि त्याच देवू भाऊजींनी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली.

पट्टी लावली की टेपला कान आहेत असंच वाटतं. बटण खाली जातं. हेही त्यांनाच माहीत.

त्या कॅसेटमध्ये काय होतं ते आधी सांगते, नाहीतर एवढा राग कशाचा ते कळायचं नाही. माझा शिवाजीमामा मोठ्या जहाजावर भटारखान्यात होता. दोन-दोन वर्षांनी सातपाटीला यायचा तेव्हा लोकांना वाटायचं घड्याळं आणेल, सेंट आणेल. तो कॅसेटी आणायचा. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या गाण्यांच्या. जुन्या होत्या त्यांत बाया गायच्या. एकच शब्द धरून इतका वेळ ओढायच्या की आपला श्वास कोंडावा. मामा म्हणायचा, "हिरा, ही गाणी देवळात शिकलेली हायत, पण देवाशी भांडून भायेर आलेली हायत." नव्या कॅसेटींत पोरं होती. ती गायचीच नाहीत. ढोलाच्या ठोक्यावर बोलायची, भराभरा, समोरच्याचा उद्धार केल्यासारखी. मामाला वाटलं मला ते आवडणार नाही. मी सातपाटीच्या मासळीबाजारात आईच्या पाटीशेजारी वाढलेली. बांगड्याच्या भावावरून दोन बाया तालात एकमेकींचं खानदान काढतात ते ऐकत मोठी झालेली. मला त्या पोरांचं एक अक्षर कळलं नाही, आणि सगळं कळलं.

लग्नात मामानं मला दोन कॅसेटींचा टेप दिला. एकीकडे वाजते, दुसरीकडे भरते. बोईसरजवळच्या पाम गावात सासरी आले तेव्हा माझ्या पेटीपेक्षा त्या टेपची चर्चा जास्त झाली.

दुपारी सासूबाई शेजारी गेल्या, उषी झोपली, की मी टेप काढायची. पोरांच्या गाण्यातला ढोलाचा एक तुकडा घ्यायचा, पॉजवर बोट ठेवून. ठोका पडायच्या जरा आधी बोट उचलायचं, ठोका संपला की दाबायचं. मागे न्यायचं. पुन्हा तोच तुकडा. पुन्हा. असं जोडत गेलं की ढोल न थांबता चालतो, जोड कळत नाही. मग त्यावर जुन्या बाईचा आवाज. एक चुकलं की पहिल्यापासून. उषी मध्येच उठली तर सगळं सोडून तिला पाजायचं, आणि पाजताना डोक्यात ठोका मोजत राहायचं. तिला त्याचीच सवय झाली. ढोल चालू असला की ती गाढ झोपायची, थांबला की डोळे उघडायची.

देवू भाऊजीपण मिक्स करतात. त्यांचं मिक्स म्हणजे कुठलंही गाणं घ्यायचं आणि त्यावर धडाधडा ढोल ओतायचा, भातावर कालवण ओतल्यासारखा. गाणं गुदमरतं. बोईसरच्या कारखान्यांतली पोरं नाचतात, कारण थकलेली असतात, त्यांना आवाज हवा असतो. ऐकण्यासारखं मिक्स तसं नसतं. त्यात बाई गायला लागली की ढोलानं एक पाऊल मागे सरायला हवं आणि तिनं श्वास घेतला की पुढे यायला हवं. जुनं गाणं होतं तसंच राहायला हवं, आणि तरी असं वाटायला हवं की आजच कोणीतरी ते भांडण पुन्हा उकरून काढलंय. असं एक मिक्स माझ्या हातून झालं होतं. एकच.

त्याची सुरुवात माझ्या आईची होती.

आई सातपाटीची धवलारीण. लग्नात हळदीच्या आधी धवला गाते ती बाई. दिवसा बोंबील विकायची, आणि कुणाकडे हळद असली की लुगडं बदलून जायची. मामानं एकदा तिचा धवला कॅसेटवर घेतला होता. स्वस्तातली कॅसेट, त्यात सातपाटीची खारी हवा. फितीला बुरशी आली. उषी पोटात असताना आई गेली. त्यानंतर मी ती कॅसेट लावली तेव्हा टेपनं ती चावायला सुरुवात केली. जेवढं उतरवता आलं तेवढं दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेतलं, आणि जुनी फीत माझ्या हातात तुटली. म्हणजे आईचा आवाज जगात आता एकाच ठिकाणी होता, आणि मिक्सही मी त्याच कॅसेटवर, त्या आवाजाच्या आगेमागे भरलं.

धवल्याची एक रीत असते. सगळ्यात आधी आवतण. गावदेवीला बोलवायचं, दर्याला बोलवायचं, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन बोलवायचं. सगळे आले की मग हळद. मी माझ्या मिक्सलापण तेच केलं. पहिल्यांदा माझ्या आवाजात नावं सांगितली. ही बाई कोण, तिचं नाव कॅसेटच्या कागदावर होतं ते जसं वाचता आलं तसं. हा ढोल कुठल्या पोरांचा. हा धवला मंजुळाचा, सातपाटी. जोडलं मी, हिरानं. मग आईचा धवला, नुसता, ढोलाशिवाय. आणि तिची शेवटची ओळ संपते तिथेच पोरांचा ढोल उठतो आणि समुद्रापलीकडची बाई आईला जाब दिल्यासारखी गायला लागते. पहिल्यांदा ते जुळलं तेव्हा मी उषीला झोपेतून उचलून छातीशी धरलं होतं. तिला काय कळणार. मला कुणालातरी धरायचंच होतं.

देवू भाऊजींनी ती कॅसेट आमच्या कपाटावरून नेली. विचारलं नाही. मला कळलं ते बोईसरच्या बाजारात. उषीला डोस पाजून परत येताना त्यांच्या दुकानावरून गेले तर आतून माझा ढोल. माझी बाई. मग कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लागली आणि भाऊजींचा आवाज आला, माईक तोंडात घातल्यासारखा: "डीजे देवू! डीजे देवू मिक्स! बोईसर, पालघर, हलवून टाकू!"

दुकानापुढे कारखान्यातला एक भैया उभा होता. "देवू भाई, वो काली औरत वाला मिक्स दो ना, मेरे रूमवाले ने भी मंगाया है."

"दो मिनट. भर रहा हूँ," भाऊजी म्हणाले. मग मला पाहिलं. "अरे वयनी! ऐकलंव का? तुमची कॅसेट एकदम हिट हाय."

"ती कान मोडलेली होती," मी म्हणाले.

"तेला काय, पट्टी लावली." ते हसत होते. खरंच हसत होते, मला आनंद होईल असं वाटून. "सुरुवातीला तुमी काय ते बोलत होतात, आनी कोन म्हातारी रडत होती. ढोल येईपरेन लोक निघून जातील. म्हनून तेवढ्यावर मी माजा आवाज टाकला."

म्हातारी. माझ्या आईला पन्नाशीपण लागली नव्हती.

मी कॅसेट मागितली, त्यांनी दिली. कॉप्या झाल्याच होत्या, प्रत्येकीवर त्यांचं बोंबलणं. घरी येऊन लावली. माझी नावं गेली होती. आईचं आवतण गेलं होतं. डीजे देवू, डीजे देवू, आणि मग ढोलाच्या अगदी तोंडाशी, जिथे त्यांचा दम संपला होता तिथे, आईची शेवटची ओळ तेवढी उरलेली. "हळद लागली गो बाय, आता मागं पाहू नको." एवढीच.

उषी भुकेनं रडत होती. मी तिला घेतलं, पण दूध उतरेना. रागानं दूध आटतं म्हणतात ते खोटं वाटायचं मला.

ह्यांना, म्हणजे उषीच्या बाबांना, आनंदाला, संध्याकाळी सांगितलं. ते सूतगिरणीतून आलेले, केसांत कापूस. "अगो, घरातलाच हाय ना देवू," ते म्हणाले. "तुजं गानं गावभर वाजतंय, बरंच हाय की."

"माझं कुठं वाजतंय? त्यांच्या नावानं वाजतंय."

"नावाला काय चाटायचंय?"

"मग उषीला तुमचं नाव कशाला लावलंत?"

ते केसांतला कापूस काढत बसले. सासूबाई, साखरबाई, चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "बाईमानसाच्या नावाचं कॅसेट कोन घेल? देवूचा धंदा तरी होतोय. तू पोर सांबाळ."

पोर मी सांभाळतच होते. पोरीसाठीच तर आईचा आवाज ठेवला होता. तिच्या आजीनं तिला कशी हाक मारली असती ते कळायला दुसरं काय होतं माझ्याकडे?

दोन-चार दिवसांनी दुपारी मी टेप लावून बसले होते. उषी नवीन नवीन आवाज काढायला लागली होती, ते भरून घेत होते. तेवढ्यात देवू भाऊजी आले. पेरू घेऊन आले, समजूत काढायला.

"वयनी, राग धरू नका. केळव्याच्या पार्टीनं मला सीझनचं बुकिंग दिलंय त्या मिक्सवर."

"मग त्यांना सांगा, मिक्स वहिनीनं केलंय."

"अवो, असं कोन सांगतं का?" मग त्यांचा आवाज चढला. "आनी तुमी तरी काय केलंत? गानं त्या काळ्या बाईचं. ढोल त्या पोरांचा. तुमी काय केलंत? बटान दाबलंत! बटान दाबलं आनी झालं?"

"मी सगळ्यांची नावं घेतली होती. तीच तुम्ही पुसलीत."

"बटान दाबलं!" पेरू ठेवून ते गेले.

टेप चालूच होता. रेकॉर्डचं लाल बटण खाली होतं. दिवसभर बटणांशीच खेळणाऱ्या माणसाला माझं दाबलेलं बटण दिसलं नाही, कारण माझ्या टेपकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मी मागे नेऊन ऐकलं. उषीचं "ब्बा, ब्बा", आणि मग भाऊजी. "बटान दाबलं." अंगार आवाज होता. तालातही होता. म्हटलं, ही तर मामाच्या कॅसेटीतलीच पोरं.

त्या आठवड्यातल्या माझ्या सगळ्या दुपारी त्यात गेल्या. भात करपला, सासूबाईंनी ऐकवलं, ऐकून घेतलं.

पुढच्या आठवड्यात पाममध्येच गोदूबाईच्या नातवाची हळद होती. गोदूबाई आमच्या आळीतली जुनी धवलारीण. उन्हं कलली तसा मांडव भरला. देवू भाऊजींनी मांडवाच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे बॉक्स रचलेले. गोदूबाई चार बायांना घेऊन पाटापाशी बसलेली, धवला धरायला तोंड उघडायची आणि बॉक्स दणाणायचा. तिनं दोनदा हातानं खूण केली. भाऊजींनी अंगठा दाखवला आणि आवाज वाढवला, त्यांना वाटलं म्हातारी खूश आहे.

"ह्याचा मुडदा बशिवला," गोदूबाई मला म्हणाली. "सोताच्या नातवाचे हलदीत मला माजाच आवाज आयकू येत नाय."

थोड्या वेळानं जनरेटर धापा टाकायला लागला. भाऊजी तो बघायला मांडवामागे गेले आणि टेपपाशी ह्यांना बसवून गेले. मी उषीला काखेत घेऊन गेले आणि कॅसेट पुढे केली.

"ही लावा."

"देवूला विचारलंस?"

"माझी कॅसेट लावायला?"

त्यांनी कॅसेट उलटी केली. पाठीवरचे मोडलेले कान पाहिले. मग माझ्याकडे, मग उषीकडे. मांडवात चालू होतं ते गाणं संपत आलं होतं. "मला बोलशील ना घरात पुन्ना नीट?" ते हळूच म्हणाले.

"आधी लावा."

त्यांनी लावली.

ढोल सुरू झाला. पोरं लगेच पुढे आली, हात वर. आणि मग दोन्ही बॉक्समधून, सगळ्या पामला ऐकू जाईल असं: "तुमी काय केलंत? बटान दाबलंत! बटान दाबलंत! बटान, बटान, बटान दाबलंत!" मध्ये उषीचं "ब्बा!" बरोबर ठोक्यावर.

एक क्षण कोणाला कळेना. मग कोणीतरी ओरडलं, "अरे ह्यो तर देवू हाय!" आणि सगळा मांडव हसून फुटला. पोरं नाचत नाचत तेच म्हणायला लागली. नवरदेवाची करवली हसून खाली बसली. भाऊजी मांडवामागून धावत आले, हातांना ऑइल, तोंड उघडं. त्यांना टेपपर्यंत पोचताच येईना, पोरांनी मध्येच धरून नाचवलं. "बटान दाब, देवू, बटान दाब!"

मग ढोल एक पाऊल मागे सरला आणि माझा आवाज आला. ही बाई कोण ते. ही पोरं कुठली ते. "भांडणारा आवाज आमच्या देवू भाऊजींचा. लहान आवाज उषीचा. ह्यानंतरचा माझ्या आईचा. जोडलं मी, हिरानं." समुद्रापलीकडची बाई गायली, ओढून ओढून, आणि कोणी नाचलं नाही तरी कोणी जागचं हललं नाही. ती थांबली तिथे आईची ओळ.

"हळद लागली गो बाय, आता मागं पाहू नको."

त्यापुढे मी काही भरलं नव्हतं. आईचा धवला जेवढा होता तेवढी फीत कोरी सोडली होती. बॉक्समधून नुसती खरखर. लोकांनी ऐकावं, काय पुसलं ते.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. भाऊजी टेपपाशी पोचले, त्यांनी हात लांबवला. आणि गोदूबाई उठली.

"थांब रे! हात लावू नको." ती पाटावरून माझ्याकडे आली. "ह्यो धवला हाय. ह्येचं शेपूट वाजवलंव, डोकं कुटं हाय?"

"पुसलं," मी म्हणाले. "भाऊजींनी."

"आवतण पुसलं?" तिनं भाऊजींकडे असं पाहिलं की त्यांनी ऑइलचे हात पाठीमागे नेले. "मांडवात हळद लागली म्हनून वाजलं, आनी देवाला बोलावलंच नाय! माजे नातवाला असली हळद लावू? बंद कर ते डबडे. सगले बंद कर. आता धवला डोक्यापासून होईल."

"आजी, बुकिंगचा टाईम..." भाऊजी म्हणाले.

"टाईम तुजे आयला इचार, तिला बोलाव इकडं. साखरे! ये, बस माजे बाजूला, मागं गायला मानूस कमी हाय."

आणि माझ्या सासूबाई गेल्या, मान खाली घालून, आणि बसल्या.

जनरेटर बंद झाला. एवढी शांतता झाली की उषीनं डोळे उघडले. गोदूबाईनं गावदेवीला बोलावलं. दर्याला बोलावलं. मग घरातल्या गेलेल्यांची नावं, एकेक. ती संपल्यावर ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

"त्या डब्यातून जी बाय आली, तीपन आली ना मांडवात? तिला न बोलवता कशी ठेवू? नाव सांग."

"मंजुळा."

"गाव?"

"सातपाटी."

"सातपाटीची मंजुळा, ये गो मांडवाला," गोदूबाईनं म्हटलं, आणि मागून सगळ्या बायांनी. सासूबाईंनीपण.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते राग निवल्याचं नव्हतं. आवाज आईचा नव्हता. चाल पामची होती, सातपाटीला ती ओळ वर चढते, इथे खाली येते. गेलं ते गेलंच होतं. माझ्या घरातल्या माणसानं, हसत हसत, माझ्याच कपाटावरून नेऊन घालवलं होतं. मी ह्यांना म्हटलं, "टेप बॅटरीवर चालतो ना? दुसरी कॅसेट घाला. भरा." त्यांनी कोरी कॅसेट घातली, बटण दाबलं, आणि धवला संपेपर्यंत टेप दोन्ही हातांनी बायांपुढे धरून उभे राहिले.

हळद लागली. मग देवू भाऊजी आले. गालांना कोणीतरी हळद फासलेली. कानांपर्यंत लाल झाले होते, तरी धंदा सुटला नव्हता.

"वयनी, झालं ते झालं. पन लोक काय पागल झालेत त्या बटानावर. आनी ह्यो गोदूबाईचा धवला, त्याच्यामागं ढोल टाकला ना... द्या ती कॅसेट, उद्या भरून देतो."

मी कॅसेट काढली. उषीच्या लंगोटाची पिन काढली आणि दोन्ही कान मोडले, त्यांच्या समोर. उषीचा लंगोट सुटला, सुटू दे म्हटलं.

"वयनी, पट्टी लावली की..."

"माहीत आहे मला पट्टीचं," मी म्हणाले. "माईक चालू करा."

"कशाला?"

"नावं घ्यायला. समुद्रापलीकडच्या त्या बाईपासून माझ्यापर्यंत. तुम्हाला पाठ झाली की कॅसेट मिळेल."

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी जाऊन जनरेटर चालू केला. बॉक्स घुमले. मांडवातल्या बाया हळदीचे हात तसेच धरून बघत राहिल्या. भाऊजींनी माईक तोंडापाशी नेला आणि काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं, भाऊजी," मी म्हणाले. "बोईसर, पालघर, हलवून टाकू म्हणताना येत होतं ना मोठ्यानं?"